आधी चालवली, मग खालून बघितली: एका जुन्या एमजीबीच्या खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं. नाव लिहित नाहीये, कारण लिहायला परवानगी देताना त्याने तेवढी एकच अट घातली. गाडी विकणाऱ्या गृहस्थांना आम्ही काका म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. आणि मी ह्यात कोण, तर गाडी बघायला सोबत नेलेला "जाणकार". ज्या चुका झाल्या त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे वाचताना वाटेल की मी बाजूला उभा राहून शहाणपणा करतोय.

मित्राला उघड्या टपाची दोन सीटची जुनी गाडी हवी होती. बरंच वाचून, फोटो बघून बघून तो एमजीबीवर, म्हणजे एमजी ह्या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स कारवर, येऊन थांबला, आणि निवड चुकीची नव्हती. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे पार्ट आजही बहुतेक सगळे मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं, साधं, बोनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. नवी असताना साधारण ९५ हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या हिशोबात काहीच नाही, पण गाडी जमिनीला इतकी चिकटून बसते की साठच्या स्पीडला शंभरवर असल्यासारखं वाटतं. घरच्या घरी शिकत शिकत दुरुस्त करावी अशी गाडी आहे.

पैशाचं त्याने ठरवलं होतं की एकूण जमवलेल्याचे दहा भाग धरायचे, त्यातले सात गाडीला आणि तीन पुढच्या कामाला. ही वाटणी मला तेव्हा फार समजूतदार वाटली होती.

पहिली गाडी, जी सोडली

ही थोडक्यात सांगतो. जाहिरातीत १९७२ ची क्रोम बंपरची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, म्हणून होती. एमजीबीमध्ये १९७४ च्या शरदापासून क्रोम बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले, अमेरिकेतल्या नियमांमुळे, आणि त्याच नियमांपायी गाडी जवळजवळ दीड इंच उचलली गेली. बहुतेक शौकिनांना क्रोमवाली हवी असते, म्हणून रबरी बंपरवाल्या गाडीचे बंपर बदलून तिला क्रोमवाली करणं हा जुना उद्योग आहे. उद्योग वाईट नाही, चांगल्या केलेल्या गाड्या छान दिसतात. फक्त तसं सांगून विकावी.

ह्याने सांगितलं नव्हतं. मला शंका आली ती सीटच्या मागे. क्रोमवाल्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, सीटमागे दोन खड्ड्यांत, एक डावीकडे एक उजवीकडे. रबरीवाल्यांना बारा व्होल्टची एकच. आता क्रोमवाल्या गाडीतही लोक एकच बॅटरी बसवतात, पण दुसरा रिकामा खड्डा तर राहतोच ना. इथे दुसरा खड्डाच नव्हता. चॅसी नंबर ताडून बघितला तर गाडी १९७६ ची निघाली. विकणारा म्हणाला त्यालाही माहीत नव्हतं, असेलही, आम्ही नमस्कार करून निघालो.

ह्या एका पकडीने मी इतका खूश झालो की पुढच्या गाडीच्या वेळी मला वाटत होतं आपल्या नजरेतून काही सुटत नाही. चुकीचं मूळ खरं तर इथे आहे.

दुसरी गाडी आणि टोकन

काकांची गाडी १९७१ ची, लाल, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, तारेची चाकं, ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला जादा टप्पा, ज्याने त्याच स्पीडला इंजिन कमी फिरतं). एकोणीस वर्षं त्यांच्याकडेच. साधारण दहा वर्षांपूर्वी त्यांनी एका वर्कशॉपकडून ती पूर्ण रिस्टोअर करून घेतली होती आणि त्याची जाडजूड फाईल होती. काका स्वतः अगदी सरळ माणूस, फाईल आधीच टेबलावर काढून ठेवलेली, प्रत्येक बिल तारखेप्रमाणे लावलेलं.

आम्ही पोचलो तर इंजिन गरम. काका म्हणाले तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली. त्यांनी चांगल्या मनाने केलं, पण थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं, निळा धूर, पहिल्या दोन सेकंदाचा खडखडाट, चोक लागतो का नाही, ते सगळं गेलं. मी मनात नोंद केली आणि बोललो काहीच नाही.

मग बोनेट उघडलं. स्वच्छ. कार्बच्या डॅशपॉटची, म्हणजे वरच्या तेलाच्या भांड्याची, टोपी काढून तेल बघितलं, बरोबर होतं. इंजिन आयडलला टॅपेटची (व्हॉल्व उघडणाऱ्या भागांची) हलकी टकटक येत होती आणि ती ऐकून मला बरंच वाटलं. ह्या इंजिनची टॅपेट एकदम गप्प असतील तर उलट काळजी करायची, कारण फट कमी ठेवली असली की एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. फाईलमध्ये हेडचं बिल होतं, शिसंविरहित पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व सीट घातल्याची नोंद होती. सगळं जसं हवं तसं.

आणि मग चालवली. मित्र चालवतोय, मी शेजारी, टप खाली. ऑइल प्रेशरचा काटा गरम इंजिनला साठच्या आसपास स्थिर. चौथ्यात असताना ओव्हरड्राइव्हचा स्विच दाबला की आरपीएम एक पंचमांश झटक्यात खाली येतात आणि गाडी मोकळा श्वास सोडल्यासारखी पळायला लागते, तेव्हा मित्राने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं आता हा ही गाडी घेणार. गॅस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, सोडला-दिला की मागून एक बारीक टक्क यायचं. मी म्हणलं युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा, असेल, किरकोळ आहे.

परत आल्यावर गाडीच्या खाली वाकून बघितलं, म्हणजे खरंच फक्त वाकून, मोबाईलच्या टॉर्चने, दोन मिनिटं. खाली जाड काळं अंडरसील (गंज लागू नये म्हणून मारतात तो लेप) मारलेलं, एकसारखं, नीटनेटकं. मित्राने तिथेच टोकन दिलं. रक्कम मोठी नव्हती पण शब्द दिला गेला, आणि माझ्या अनुभवात पैशापेक्षा शब्द परत घेणं अवघड.

अडचण काय निघाली

रात्री घरी बसून फाईलचे फोटो बघत होतो. इंजिनचं बिल, गिअरबॉक्सचं, टपाचं, सीटच्या लेदरचं, रंगाचं. रंगाच्या बिलात एक ओळ, "बॉडी रिपेअर". बस. किती तास, कुठला पत्रा, नवीन पॅनल कुठलं घेतलं, काही नाही. फोटोही होते भरपूर, पण सगळे रंग झाल्यानंतरचे. पूर्ण रिस्टोअर केलेल्या गाडीचा उघड्या पत्र्याचा एकही फोटो नाही हे मला तिथे काकांच्या टेबलावर दिसायला हवं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो, आणि रोडस्टरला छतही नाही. म्हणजे गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवतात ते मुख्यतः दाराखालचे दोन सिल. हा सिल म्हणजे एक पत्रा नाही. बाहेरचा दिसणारा सिल, मध्ये उभा पडदा, आतला सिल, आणि खाली किल्ल्याच्या तटासारखी कंगोरेदार पट्टी, जिच्या खाचांमधून पाणी बाहेर जातं. पाणी आणि माती आत साचली की हे सगळं आतून बाहेर सडत येतं. बाहेरून फोड दिसला तोवर आतला पडदा बऱ्याचदा गेलेला असतो. मग स्वस्तातला इलाज म्हणजे सडक्या सिलवर बाहेरून नवीन पत्र्याचं कव्हर चढवायचं, पुट्टी, रंग, अंडरसील. चार-पाच वर्षं कोणाला कळत नाही.

मित्राला फोन केला. तो गप्प. मग म्हणाला, "काका असं करणार नाहीत रे." मी म्हणलं काकांनी केलं असं कोण म्हणतंय.

पुढच्या आठवड्यात परत गेलो, ह्यावेळी ट्रॉली जॅक, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि मोबाईलला लावायचा सुतळीएवढा कॅमेरा घेऊन. काकांना आधीच सांगितलं होतं की खालून नीट बघायचंय, ते हो म्हणाले, चेहरा जरा पडला.

पहिली गोष्ट दाराची फट. डाव्या दाराची मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद होती. पहिल्या भेटीत बघितली होती, "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून सोडली होती. आता फटीत वरच्या बाजूला एक नाणं सरकवलं, घट्ट बसलं. मग दाराखाली मधोमध, आडव्या बीमच्या टोकाला लाकडी ठोकळा घालून जॅक लावला आणि हळूहळू उचलायला लागलो. चाक अजून जमिनीवरून सुटलंही नव्हतं आणि नाणं आपोआप खाली पडलं. टण् असा आवाज आला फरशीवर. तिघंही त्या नाण्याकडे बघत राहिलो. म्हणजे गाडी मधून खाली बसलेली होती आणि उचलल्यावर मोकळी होत होती, सिल तिला धरतच नव्हता. उजवीकडे नाणं थोडं सैल झालं, पडलं नाही.

दुसरी गोष्ट खालची पट्टी. अंडरसील खरवडलं तर खाली कंगोरेच नाहीत, सपाट पत्रा. पाणी जायच्या खाचाही बुजवलेल्या.

तिसरी कॅमेऱ्याची. कार्पेट उचललं तर आतल्या सिलला कोणीतरी कधीकाळी मेण फवारायला पाडलेलं भोक होतं, रबरी बूच लावलेलं. त्यातून कॅमेरा घातला. आत मूळचा जुना सिल तसाच उभा, जाळीदार, लेससारखा, त्याच्या पलीकडे नव्या कव्हरचा पत्रा, आणि मधल्या पडद्याच्या जागी तपकिरी भुगा.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते चौथं, आणि ह्याला ना जॅक लागतो ना कॅमेरा. एमजीबीचा सिल पुढे फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आत जातो. नीट बदलायचा तर फेंडर उतरवावा लागतो, आणि ह्या गाडीचे पुढचे फेंडर बोल्टवर आहेत. बोनेट उघडलं की त्या बोल्टची रांग कडेला समोर दिसते. डावीकडच्या बोल्टांच्या डोक्यांवर लाल रंगाचा थर अखंड होता, आणि बोल्ट आणि पत्र्याच्या सांध्यात त्याखालचा मूळ रंग, तोही अखंड. म्हणजे गाडी बनल्यापासून त्या बोल्टला पाना लागलेला नव्हता, म्हणजे फेंडर कधी निघालाच नव्हता, म्हणजे सिल पूर्ण बदलला जाणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं कार्ब बघत उभा होतो, ते बोल्ट माझ्या कोपराशी होते.

काय काय करता आलं असतं

मित्राने चार-पाच दिवस घेतले. आम्ही ज्यावर बोललो ते असं.

सोडून देणं. टोकन बुडालं असतं, काका कदाचित परतही देते. माझं मत इथेच होतं आणि मी ते सांगितलंही, पण जरा अर्ध्या मनाने, कारण ओव्हरड्राइव्हचा तो क्षण मीही अनुभवला होता.

आहे तशी घेऊन चालवणं आणि "पुढे बघू". हा पर्याय लोक खरंच निवडतात. मला भीती वाटते, कारण सिल गेलेली रोडस्टर धडकेत कशी दुमडेल ह्याचा काही भरवसा नाही. मित्राने हा पर्याय स्वतःच पहिल्या दिवशी बाद केला.

नवीन बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा अख्खा सांगाडा. एमजीबीचं संपूर्ण शेल १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज नव्याने बनवतं, मूळच्या साच्यांचा वापर करून. ऐकायला स्वप्नवत, पण शेलची किंमत, त्यात सगळी गाडी उचलून बसवायची मजुरी, आणि गाडीची कागदोपत्री ओळख काय राहते हा प्रश्न वेगळाच. बजेटच्या बाहेर, विषय संपला.

रोडस्टरऐवजी जीटी घेणं, म्हणजे १९६५ मध्ये आलेली बंद छताची. छतामुळे बांधा कडक, आणि सहसा स्वस्तही. सिल तिचेही सडतात पण निदान गाडी मधून लवत नाही. शहाण्या माणसाने हेच केलं असतं. मित्र म्हणाला मला आकाश दिसायला पाहिजे. ह्यावर काय बोलणार.

आणि शेवटचा, भाव पाडून घेणं आणि दोन्ही सिल मुळापासून करणं.

काय केलं

त्याने शेवटचा निवडला. दोन वेल्डिंगवाल्यांकडून अंदाज घेतला. पहिल्याने फोटो बघून एक ठरलेली रक्कम सांगितली आणि सहा आठवडे. दुसरा म्हणाला उघडल्याशिवाय मी आकडा बोलणार नाही, एका बाजूचं उघडतो, दाखवतो, मग ठरवू. मित्र दुसऱ्याकडे गेला. सगळ्या प्रकरणात माझ्या मते हा एक निर्णय निर्विवाद बरोबर होता, पत्रा न कापता सिलच्या कामाचा पक्का आकडा देणारा एकतर नशिबावर खेळतोय किंवा परत कव्हरच चढवणार आहे.

काकांशी बोलणं अवघड गेलं. कॅमेऱ्यातला व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला. म्हणाले, "मी त्याला पूर्ण पैसे दिले होते रे, सिलचेसुद्धा." दहा वर्षांपूर्वीचं ते वर्कशॉप आता बंद झालेलं. मित्राने काही घासाघीस केली नाही, पहिल्या वेल्डरचा आकडा समोर ठेवला, जो मागितलेल्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश होता. काकांनी त्यातला अर्धा कमी केला. मला वाटलं आणखी खाली येतील, मित्राने ताणलं नाही. एकदा फसलेल्या माणसाला आणखी पिळायचं नव्हतं त्याला, आणि हा हिशोबाचा निर्णय नव्हता हे तो आजही मान्य करतो.

कामाचा क्रम मुद्दाम लिहितो, कारण इथेही गाड्या बिघडतात. आधी गाडी पुढच्या-मागच्या सस्पेन्शनच्या जागी, वजन नैसर्गिक पडेल अशी टेकवली. मधून उचलून सिल कापले असते तर ती वाकडी बॉडी तशीच कायमची वेल्ड झाली असती. मग दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या लोखंडी नळ्या तात्पुरत्या वेल्ड केल्या. एका वेळी एकच बाजू. फेंडर उतरवला (ते बोल्ट शेवटी तुटलेच), मागच्या क्वार्टर पॅनलचा, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्याचा, खालचा तुकडा कापला, आणि खालची कंगोरेदार पट्टी, मधला पडदा, बाहेरचा सिल असं थरावर थर. बाहेरचा सिल आधी नुसता ठिपक्यांवर पकडून दार लावून बघितलं, फट जुळली तेव्हाच पक्कं वेल्डिंग. दार तीन वेळा लावलं आणि काढलं.

निकाल

डावी बाजू उघडल्यावर मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे बॉडीला अडकतं ती जागाही गेलेली निघाली. तिथे कॅमेरा पोचला नव्हता. उजवी बाजू त्यामानाने बरी. पहिल्या वेल्डरने सहा आठवड्यांचं सांगितलेलं काम पाच महिन्यांवर गेलं, दहातले ते तीन भाग संपले, काकांनी कमी केलेले पैसेही संपले, आणि वर मित्राने आणखी दीड भाग घातला. म्हणजे सरळ हिशोब केला तर सिल नीट केलेली, फोटोंसकट फाईल असलेली गाडी त्याच पैशात, कदाचित थोडी कमीत, बाजारात मिळाली असती, आणि पाच महिने चालवायलाही मिळाली असती.

रंग फक्त खालच्या अर्ध्या भागाला मारला. सावलीत कळत नाही, उन्हात दाराखालचा लाल थोडा ताजा दिसतो.

चांगली बाजूही आहे. गाडी चालवायला पूर्वीपेक्षा वेगळीच झाली. आधी खराब रस्त्यावर काचेची चौकट आणि डॅशबोर्ड वेगवेगळे थरथरायचे, आम्हाला वाटलेलं जुन्या ब्रिटिश गाड्या अशाच. तसं नव्हतं, ती लवत होती.

आता परत करायचं झालं तर

बघायचा क्रम उलटा करायचा, बाकी फार काही नाही. माझ्याकडे चेकलिस्ट होती, ज्ञानही होतं, बॅटरीच्या खड्ड्यावरून साल ओळखणारा माणूस मी. पण इंजिन, मग ड्राइव्ह, मग खालून, असा क्रम ठेवला आणि ड्राइव्ह झाल्यावर खालून बघणारा माणूस बघत नसतो, परवानगी शोधत असतो. आता कोणाबरोबर जातो तेव्हा चावी हातातच घेत नाही. आधी फेंडरचे बोल्ट, दाराच्या फटी, मग जॅक आणि नाणं, मग फाईल, आणि एवढ्यातून गाडी उरली तरच चालवायची. इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब हे सगळं उघडून बदलता येतं, एमजीबीत तर ते सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि आपण नेमके त्याच्याचपाशी सगळ्यात जास्त वेळ उभे राहतो कारण ते चकचकीत असतं.

टोकन द्यायचंच होतं तर "जॅकवर उचलून बघितल्यावर नको वाटली तर परत" असं एका कागदावर लिहून देता आलं असतं, काकांनी आनंदाने सही केली असती. आणि आदल्या दिवशी फोन करून इंजिन थंड ठेवा म्हणायला काय जात होतं. सात-तीन वाटणीबद्दल मात्र माझं अजून नक्की होत नाही. ज्या गाडीच्या पत्र्याच्या कामाचे फोटो नाहीत तिच्यासाठी निम्मे-निम्मे धरायला हवेत असं वाटतं, पण तसं धरलं तर ती गाडी परवडतच नाही, आणि कदाचित तेच बरोबर उत्तर होतं.

गाडी परत आली त्या दिवशी मित्राने तेच नाणं काढलं, डाव्या दाराच्या फटीत सरकवलं आणि जॅक लावला. चाक जमिनीवरून चार बोटं वर गेलं तरी नाणं जागेवर. मग आम्ही फिरायला गेलो. चौथ्यात गॅस सोडला तर मागून टक्क. युनिव्हर्सल जॉइंट नवीन घातलेला आहे. तारेच्या चाकांच्या हबचे दाते झिजलेत, ते बदलायला आता पैसे नाहीत, पुढच्या वर्षी.